घड भरायच्या आधी फाळका

चोर परका असला की माणूस बोंबलून मोकळा होतो. धुरपदाबाईचा चोर सख्खा मोठा भाऊ होता.

फैजपूरला जीवरामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यातच त्यानं श्रोता संघ काढलेला. सभासद सात, त्यातले पाच नुसते चहापुरते. चीनच्या रेडिओवर हिंदी कार्यक्रम लागायचा, पत्र टाकलं की तिकडून मासिकं यायची. शहाऐंशी साली चिनी अक्षरं शिकवणारं पुस्तक आलं. जीवरामनं दोन पानं चाळली अन् बहिणीकडं फेकलं.

"घे, रांगोळीले कामात येईन तुले."

धुरपदाबाई सातवी शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरात भाकरी थापणारी. तिनं ते पुस्तक वर्षभर गिरवलं. दुपारी भांडी झाली की आधी फरशीवर पाण्याच्या बोटानं, मग जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर शाईनं. पुस्तकात प्रत्येक रेघेला नंबर होता. वरची आधी, डावी आधी. 'देश' या अक्षराला चौकट, चौकटीत रत्नाची खूण. चौकटीच्या तीन बाजू काढायच्या, आतलं पुरं भरायचं, खालची रेघ सगळ्यांत शेवटी, आठवी. हे तिला कुणी समजवावं लागलं नाही. केळीचे ट्रक भरताना ती जन्मभर बघत आलेली. घड भरल्याशिवाय मागचा फाळका कोण लावतं? पावसाळ्यात पुस्तकाचा भिजून लगदा झाला, रेघांचा क्रम तिच्या बोटांत राहिला.

पुढं त्या रेडिओनं अक्षरलेखनाची स्पर्धा काढली. पहिल्या नंबराला चीनची सहल. धुरपदाबाईनं वीस पानं लिहिली, वर आपल्या नावाची चिठ्ठी टाचली आणि पाकीट भावाच्या हातात दिलं.

"भाऊ, आठवणीनं टाकशीन ना?"

"टाकतो व."

टाकलंही. फक्त चिठ्ठी बदलून. तीन महिन्यांनी गावभर झालं, जीवराम पहिला आला. तिला कळलं ते सत्काराची आमंत्रणं वाटत आलेल्या तोताराम शिपायाकडून. तिनं भावाला दारातच गाठलं.

"पानं माही होती, भाऊ."

"संघ माहा, पुस्तक माहं, टपालाचं तिकीट माहं. अन् तुले एकटीले चीनले कोन जाऊ देईन?"

सत्कार शाळेच्या हॉलमध्ये झाला. पाहुणे म्हणाले, एखादं अक्षर काढून दाखवा. जीवरामनं 'देश' काढायला खडू घेतला, आधी चारी बाजूंनी चौकोन बंद करून टाकला आणि मग आत रेघा कोंबल्या. टाळ्या पडल्या. बायकांतून धुरपदाबाई उठली.

"भाऊ, घड भरायच्या आधी फाळका लावला!"

हॉल खदखदून हसला. पाहुणे टेबलावरच्या चिनी मासिकातल्या 'देश'शी ताडून म्हणाले, "अहो बाई, अक्षर तर तेच दिसतंय ना?"

जीवराम गोड हसला. "बहीण आहे माझी. माझ्याकडूनच शिकते थोडंफार."

ती खाली बसली. पानं चोरली होती ते तिनं एकवेळ गिळलं असतं. पण ती वर्षभर गुडघे मोडून शिकली, तेही यानंच शिकवलं म्हणे! हे गिळण्यासारखं नव्हतं.

आठ दिवसांनी रेडिओचं दुसरं पत्र आलं. सहलीआधी दिल्लीत चिनी परीक्षकांसमोर बसून, रेघांच्या क्रमासकट लिहून दाखवायचं होतं. त्याच सांजेला जीवराम पाटी घेऊन चुलीपाशी आला. मागं मंजुळावहिनी.

"सांगा ना ताई. घरच्या अब्रूची गोष्ट आहे."

"कोनती आधी, कोनती मंग, तेवढंच सांग," जीवराम म्हणाला.

"आधी पत्र लिही. पानं धुरपदाची म्हनून."

"येडी झाली का व?"

"मंग आन पाटी."

तिनं पाटी घेतली, भावाकडं पाठ केली. आठ रेघा ओढल्या, एकीचाही आवाज लपवला नाही. वळून पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. अक्षर कसं, छापल्यागत.

"अगं, पन कशी काढली? पहिली कोनती?"

"कायले पाहिजे? अक्षर तर तेच दिसतंय ना?"

तिनं परातीतला गोळा उचलला आणि भाकरी थापायला घेतली. जीवराम पाटी उलटीसुलटी करून बघत राहिला.