पंधराव्या मेणबत्तीनंतर

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या देवदत्तनं मराठी मंडळात ‘प्रकाश : आपला आणि ख्रिस्ती’ या विषयावर चौसष्ट स्लाइड्सचं व्याख्यान ठोकलं, तेव्हापासून तो स्वतःला मध्ययुगीन लॅटिन स्तोत्रांतला जाणकार समजू लागला. लॅटिन त्याला येत नव्हतं. अकरा वर्षं राहून डचही येत नव्हतं, पण त्यावाचून त्याचं कधी काही अडलं नव्हतं.

ईस्टरआधीच्या बुधवारी जुन्या चर्चमध्ये त्याच्या मुलीला, भार्गवीला, एकटीनं गायचं होतं. तीन महिने पोर न मावळणाऱ्या उजेडाला बोलावणारं एकच लॅटिन स्तोत्र घोकत होती. देवदत्तनं मंडळातल्या सहाजणांना आग्रहानं बरोबर नेलं.

“अरे, ती कार्यक्रमाची पत्रिका तरी वाच,” बायको चित्रा म्हणाली.

“मला सांगतेस? प्रकाश म्हणजे माझा विषय!”

वेदीपुढे पंधरा मेणबत्त्या जळत होत्या. एक स्तोत्र संपलं की सेवक यायचा आणि एक विझवायचा. पहिलीला देवदत्त दचकला. चौथीला त्याला राहवेना.

“तिन्हीसांजेला दिवे विझवतात?” तो शेजारी बसलेल्या मंडळातल्या शैलेंद्रच्या कानात पुटपुटला. “आम्ही तर वाढदिवसाच्या मेणबत्त्याही फुंकू देत नाही!”

चौदा विझल्या. पंधरावी सेवकानं जळतीच उचलून वेदीमागे लपवली आणि चर्चमध्ये मिट्ट काळोख झाला. या काळोखातूनच उजेडाला हाक मारायची, अशी शतकांची रीत. पत्रिकेत ती इंग्रजीतूनही सविस्तर छापली होती. भार्गवीचा पहिला सूर लागला.

आणि देवदत्तनं मोबाइलचा टॉर्च लावून हात उंच धरला. पाठोपाठ सहाही जणांनी धरले. एकानं केलं की सगळ्यांनी करायचं, ही मंडळाची शिस्त. सातही झोत पोरीच्या डोळ्यांवर पडले आणि सूर तुटला.

भार्गवी खाली उतरून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“थ्री मन्थ्स, बाबा. गिव्ह मी द फोन.”

त्यानं टॉर्च विझवून फोन दिला. बाकीचे टॉर्च पटापट बंद झाले.

अंधारात ती पहिल्यापासून गायली. आवाज आधी कापला, मग मोकळा झाला. देवदत्तला एक शब्द कळला नाही, तरी त्याचे डोळे भरून वाहू लागले. अगदी खरे अश्रू. आणि एवढ्या काळोखात आपण रडतोय हे कुणालाच दिसणार नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.