कोण गेलं?

"काय रे ज्ञाना, कोण गेलं?"

चहाच्या गाड्यावरून मोहनरावांनी हाळी दिली आणि बाकावरची चारही माणसं ज्ञानोबाच्या हातांकडे बघू लागली. हातात लाल रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा असा रोलचा कॅमेरा होता. तो त्यानं डोळ्याला लावला होता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

"कुणी न्हाई गेलं. तुमचाच फोटो काढतोय," ज्ञानोबा म्हणाला.

"माझा?" मोहनरावांनी बशी खाली ठेवली. "कावून बाबा? मी काय वाईट केलं तुझं? दोन म्हैन्यांनी पोरीचं लगीन हाय, तवर तरी जगू दे."

सगळे खो खो हसले. एकानं टोपी डोळ्यांवर ओढली, दुसऱ्यानं सरळ पाठ फिरवली. ज्ञानोबानं कॅमेरा खाली घेतला. त्याची कानशिलं तापली होती. मोहनराव त्याचा सख्खा चुलतभाऊ, दोघं एका अंगणात वाढलेले. परक्यानं म्हटलं असतं तर त्यानं कदाचित सोडूनही दिलं असतं.

नेकनूरच्या बाजारात ज्ञानोबानं स्टुडिओ उघडला तो लग्नांच्या भरवशावर. मागे बागेचा रंगवलेला पडदा, पुढे एक स्टूल, असा सगळा थाट केला होता. दुसऱ्याच दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. विहिरीत माणूस सापडला होता आणि पंचनाम्याला फोटो हवा होता. तो गेला, चारही बाजूंनी फोटो काढले आणि घरी येऊन आंघोळ केली. त्यानंतर त्या स्टुलावर कुणी बसलं नाही. साध्या पासपोर्ट फोटोलाही गाव बीडला जाऊ लागलं. एकतीस वर्षं ज्ञानोबानं फक्त मढ्यांचे फोटो काढले. विहिरीतले, मांजरसुंब्याच्या घाटातले, शेतात फवारणी करता करता पडलेले. पुढं पोलीस आपल्या मोबाइलवरच फोटो काढायला लागले आणि त्याचं तेही काम गेलं. मढ्यांचा फोटोवाला हे नाव मात्र तसंच राहिलं.

बायकोनंही त्याला आयुष्यभर आपला फोटो काढू दिला नाही. "त्यो डबा माझ्याकडं धरू नका," म्हणायची पारूबाई. ती गेली तेव्हा हार घालायला फोटो नव्हता. तेव्हा याच मोहनरावांनी चार माणसांत म्हटलं होतं, "तूच काढ की आता. तुला सवय हाय." ज्ञानोबानं काढला नाही. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. त्यात पारूबाई कुणाची तरी चोरी पकडल्यासारखी बघते, आणि ते बघून ज्ञानोबाला रोज सकाळी राग येतो. तिचाही आणि स्वतःचाही.

जुना कॅमेरा त्यानं माळ्यावर टाकला होता. हा लाल कॅमेरा रहमतुल्ला घड्याळजीकडचा, त्याचा साडू दुबईहून घेऊन आलेला. ज्ञानोबानं एकच प्रश्न विचारला होता, "यानं मढं बघितलंय का कधी?" रहमतुल्ला म्हणाला, "ऊंट बघितले असतील, लगीन बघितलं असंल. मढं न्हाई." मग ज्ञानोबानं पुण्याहून छत्तीस फोटोंचा रोल मागवला. छत्तीसातला एक तरी फोटो जिवंत माणसाचा, कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या माणसाचा हवा, एवढंच त्याच्या मनात होतं. पस्तीस वाया गेले तरी चालतील.

आज सकाळी नात अंजली दारात उभी राहून हसली होती. त्यानं कॅमेरा वर केला, तेवढ्यात सून मंगलनं पोरीला ओढून आत नेलं. "मामा, तिचा नका काढू." आवाज अगदी मऊ होता. मऊ होता म्हणूनच तो जास्त झोंबला आणि चहा न घेताच ज्ञानोबा बाजारात आला होता.

आणि आता हे दात काढत होते.

"हास," ज्ञानोबा मोहनरावांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "तुझ्या धाकट्याला विहिरीतून वर काढलं, तवा न्हाई हसलास. नाकाला धोतर लावून लिंबाखाली हुबा व्हतास. सख्खा भाऊ तुझा, पर त्याच्या तोंडावरचा चिखल कुणी पुसला बे? मीच गेलतो ना म्होरं?"

बाकावरचं हसू थांबलं.

"ते तुझं कामच व्हतं," मोहनराव खाली बघत पुटपुटले.

"फोटो काढायचं काम व्हतं. चिखल पुसायचं न्हाई!"

आवाज इतका चढला की पलीकडच्या भाजीवाल्या उठून बघू लागल्या. हा डबा आता सरळ विहिरीत टाकायचा, असं ठरवून ज्ञानोबा वळला आणि तरातरा चालू लागला.

"ज्ञानोबाभाऊ, हिकडं ये!"

अजमतबी सीताफळांची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. ज्ञानोबा जागीच थबकला. साऱ्या बाजारात या एका बाईसमोर कॅमेरा धरायची त्याची छाती नव्हती. बावीस वर्षांपूर्वी घाटात ट्रकनं उडवलेला तौसीफ तिचा एकुलता एक मुलगा. त्याचे फोटो ज्ञानोबानंच काढले होते.

"माझा काढ," ती म्हणाली.

"तुमी तरी थट्टा नका करू, बाई."

"थट्टा कशाची? माझ्या तौसीफचा घरात एकच फोटो हाय, तू दिलेला. पोलिसांचे काढून झाल्यावर तू त्याची कालर नीट केलीस, वरचं बटन लावलंस, जखमेवर रुमाल टाकलास अन् मंग माझ्यासाठी येगळा काढलास. मला ठावं हाय सगळं." तिनं मोहनरावांच्या दिशेनं हात केला. "त्या दातवाल्यांना ठावं न्हाई. पर मी बावीस वर्सं त्योच फोटो बघतीया. त्यात डोळे मिटल्यात रे त्याचे. माझे उघडे हायेत तवर काढ."

ज्ञानोबानं कॅमेरा डोळ्याला लावला. छोट्याशा चौकटीत अजमतबी मावेना. तिनं पदर सारखा केला, मग पाटीतलं एक सीताफळ उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं, एका बकरीला हाकललं, पुन्हा पदराला हात घातला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"हलू नका!" तो खेकसला.

आणि खेकसल्यावर बटण न दाबता कॅमेरा तसाच धरून राहिला. एकतीस वर्षांत हे त्याला कुणालाही सांगावं लागलं नव्हतं.

"हलणारच की. जिती हाय मी," अजमतबी करवादली. "काढ लौकर, गिऱ्हाईक हुबंय."

ज्ञानोबानं बटण दाबलं. ती तेव्हाही हलतच होती.