त्रिग्लावचे तीन फटके

झोफकाने सकाळीच एप्रन काढून खुंटीला टांगला, तेव्हा लोव्रेन्सला वाटलं, बायकोची तब्येत बिघडली. सव्वीस उन्हाळे दोघं हे घर चालवत होते. दिवसाउजेडी तो एप्रन खुंटीवर त्याने कधी पाहिला नव्हता.

"काय गं, बरं नाही का?"

"ठणठणीत आहे. वर जाऊन येते."

"वर कुठे?"

झोफकाने नुसती हनुवटी उचलून खिडकीकडे दाखवलं. बाहेर त्रिग्लावचा, देशातल्या सगळ्यात उंच डोंगराचा, माथा उन्हात आला होता.

शिखराच्या अगदी खाली, कड्याच्या कुशीत, डोंगर चढणाऱ्यांसाठी बांधलेलं हे घर. सगळे त्याला वरचं घर म्हणत. लोव्रेन्स त्याचा रखवालदार, झोफका स्वयंपाकीण. उद्या किल्ल्या नव्या जोडप्याच्या हातात द्यायच्या आणि दोघांनी कायमचं खाली बोहिनच्या खोऱ्यात राहायला जायचं, असं ठरलं होतं.

दारातल्या खांबावरचा देशाचा झेंडा दर उन्हाळ्यात वाऱ्याने फाटायचा. पांढरा, निळा, लाल. कोपऱ्यात ढाल, ढालीत त्रिग्लावची तीन टोकं, त्याखाली पाण्याच्या दोन लाटा, वर तीन तारे. ती तीन टोकं झोफकाने स्वतःच्या हाताने किती वेळा सांधली असतील, कोण जाणे. पण खऱ्या टोकावर तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. हवा चांगली असली की माणसांची रीघ लागे आणि झोफका चुलीपाशी. हवा बिघडली की माणसं येत नसत. झोफका मोकळी, पण कडा बंद. इथे एकदा त्रिग्लाववर जाऊन आल्याशिवाय माणूस पुरता स्लोव्हेनियाचा झाला असं कुणी मानत नाही. अर्ध्या देशाला वर जाण्याआधी गरम रिचेत, म्हणजे जव-घेवड्याचं दाट सूप, वाढणारी ही बाई अर्धवटच राहिली, आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. ती वर गेलेली असणारच, असं जो तो धरून चालला होता. तिला कुणी विचारलंच नाही.

लोव्रेन्सला मात्र ठाऊक होतं. लग्न करून ती मुरा नदीकाठच्या सपाट प्रदेशातून आली, तेव्हा अख्ख्या बोहिनने तिची टर उडवली होती. तुमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे करकोच्याचं घरटं ना, म्हणून. लोव्रेन्सने तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, "पुढच्या रविवारी हिला वर नेतो आणि दोराचे तीन फटके मीच मारतो." पहिल्यांदा माथ्यावर पोहोचणाऱ्याच्या पार्श्वभागावर दोराचे फटके बसतात, तेव्हाच तो चढ खरा धरतात. तो पुढचा रविवार आजवर उगवला नव्हता.

"आज ढग येणार आहेत दुपारी," लोव्रेन्स म्हणाला. "आणि माझं हे कंबरडं. मी कसा येऊ?"

"तुला कोण बोलावतंय?"

"अगं, पण रिचेत कोण करणार?"

"जव भिजलेत, घेवडा शिजलाय, मांस चिरून ठेवलंय. नुसतं ढवळायचं. ढवळायला कंबर लागत नाही."

"ह्या वयात हे काय खूळ घेतलंस डोक्यात?"

झोफका खवळली. "खूळ? माझ्या हातचं खाऊन पोरंटोरं वर जाऊन आली. शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा जाऊन आलं! उद्या खाली गेले की मी परत इथवर चढायची नाही, हे तुलाही माहीत आहे. आज नाही तर कधीच नाही."

तिने भिंतीवरचं हेल्मेट घेतलं, पट्टे कमरेला आवळले आणि ती निघाली.

कड्यात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आणि पोलादी तार ओढलेली. वाट तिला तोंडपाठ होती. वर्षानुवर्षं माणसं सूप पिता पिता तेच बोलत. पण ऐकणं वेगळं आणि पायाखाली मोकळी हवा असणं वेगळं. माथ्याच्या अलीकडच्या टोकावर, धाकट्या त्रिग्लाववर, ती पोहोचली. पुढे अरुंद धार, दोन्ही बाजूंना खोल दरी. झोफकाला भीती वाटली, चांगलीच वाटली. तिने कमरेच्या पट्ट्याचा आकडा तारेला अडकवला आणि स्वतःलाच दटावलं, "चल गं. वीस किलोचं पातेलं उचलतेस रोज, स्वतःला उचल."

माथ्यावरचा पत्र्याचा छोटा मनोरा दिसला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका बाजूला लांबवर समुद्राची चकाकती रेघ, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचे डोंगर. पूर्वेला तिने आपला सपाट प्रदेश शोधला, पण तिकडे नुसतं धुरकट होतं.

मनोऱ्यापाशी एक टोळकं होतं. त्यांचा वाटाड्या टिलेन एका मुलीला दोराचे फटके मारत होता आणि बाकीचे मोठ्याने मोजत होते. टिलेन लहानपणापासून झोफकाच्या हातचं जेवलेला.

"अरे, मावशी! आज शेवटचा निरोप घ्यायला आलात वाटतं?"

"निरोप कसला? पहिल्यांदा आलेय. घे तो दोर आणि मार."

सगळे खो खो हसले.

"मावशी, चेष्टा पुरे! तुम्ही आणि पहिल्यांदा?"

"खरंच सांगते."

"वरच्या घराच्या मावशीला फटके मारले म्हणून खाली कळलं, तर मला कुणी पाणी विचारणार नाही. आणि उगाच दुसऱ्यांदा मारायची रीत नाही." त्याने दोर गुंडाळायला घेतला. "चला रे, ढग आलेच."

पश्चिमेकडून ढग खरंच वर सरकत होते. ही टोळी उतरली की माथ्यावर चिटपाखरू उरणार नव्हतं. आणि फटक्यांवाचून खाली गेली, तर इतकी धार ओलांडून ती होती तिथेच.

झोफका सरळ उतरणीच्या तोंडावर जाऊन बसली. तारेला आकडा अडकवला आणि हाताची घडी घातली.

"जा आता. मला ओलांडून जा."

"मावशी, अहो, ऐका—"

"न्हाई ऐकायची!" झोफका कडाडली, आणि बोहिनमध्ये इतकी वर्षं घासूनपुसून घेतलेली भाषा गळून पडली. "सव्वीस उन्हाळं तुमास्नी रांधून घातलं! समदी वर आली, म्या न्हाई आले! चुलीम्होरं उभी व्हते म्या! आन् आता तुमी मला खोटी म्हंतायसा?"

सगळे तिच्याकडे वळले. त्यांची मावशी असं कधी बोलली नव्हती.

जिला आत्ताच फटके बसले होते ती मुलगी पुढे आली. "टिलेन, ह्या खरं बोलतायत. मी यास्ना, मुराकाठचीच. आमची आजी फार दुखावली ना, की अश्शीच बोलते. ह्या बोलीत कुणी नाटक करत नाही." तिने हात पुढे केला. "दोर दे. मला फटके बसलेत, म्हणजे आता मी मारू शकते ना?"

टिलेनने झोफकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. "इतकी वर्षं मावशी... आणि आम्ही कुणी विचारलंही नाही." त्याने दोर यास्नाच्या हातात ठेवला.

झोफका मनोऱ्याला हात टेकून वाकली. पहिला फटका बसला.

"हा फटका? उशी झटकतेस का गं? मुराकाठची म्हणवतेस ना!"

दुसरा सणसणीत बसला. तिसऱ्याला झोफका "आई गं!" म्हणून ओरडली आणि मग हसतच सुटली. हसता हसता रडली. लग्न करून आल्यापासून इतका आनंद तिला झाला नव्हता. यास्नाने तिला मिठी मारली, आणि ढग माथ्यावर टेकायच्या आत टिलेन तिला स्वतःच्या दोराला बांधून खाली घेऊन आला.

वरच्या घरात करपल्याचा वास सुटला होता. लोव्रेन्स दारातच उभा होता, तिचा एप्रन बांधून. टिलेनने आत जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली. "तिन्ही फटके बसले. शेवटचा तर दरीपार ऐकू गेला."

लोव्रेन्स आत वळला. त्याने पाहुण्यांच्या मेजावर, खिडकीपाशी, रिचेतचा वाडगा आणून ठेवला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. आजवर ह्या घरात तिला कुणी वाढलं नव्हतं.

"बस."

"बसवत नाहीये," झोफका म्हणाली आणि उभ्यानेच जेवू लागली.

त्याने रिकामी खुर्ची परत आत सरकवली. "ते फटके मी मारायचे होते गं," तो हळूच म्हणाला.

झोफकाने करपलेला घास शांतपणे चावून गिळला.

"मारशील की," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी."