नव्या साउंड कार्डाबद्दल मास्तरांचं मत

वितरकाने पाठवलेलं साउंड कार्डाचं खोकं ताईने दुकानात उघडलंच नाही. तसंच पिशवीत टाकलं, शटर अर्धं ओढलं आणि ती भावाच्या घराकडे चालू लागली.

ताईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिचा धाकटा भाऊ संगीत संयोजक. शहरातल्या सगळ्या स्टुडिओंत त्याला मास्तर म्हणत, इतकं की घरीही तेच नाव पडलं होतं. नवा माइक आला, नवं साउंड कार्ड आलं, की वितरक ते आधी मास्तरांच्या कानावर घालायचा. मास्तर ऐकायचे, मान डोलवायचे आणि दोन वाक्यांत निकाल द्यायचे. त्यांनी “घ्या” म्हटलं की स्टुडिओवाले डोळे झाकून घेत. “वाईट नाही” म्हटलं, तर वितरकाला कळायचं की माल गोदामात धूळ खाणार.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. आंघोळ करून बाहेर आले आणि दारातच कोसळले. दवाखान्यातून परतले तेव्हा डावा हात लुळा होता. हळूहळू हातात जीव आला, चालणं सुधारलं. बोलण्याला तर धक्काही लागला नव्हता. येणारेजाणारे म्हणायचे, थोडक्यात निभावलं. एक गोष्ट मात्र बाहेर कुणाला सांगितली नव्हती. मास्तरांना गाणं ऐकू येत नव्हतं.

म्हणजे ऐकू सगळं येत होतं. बायकोने स्वयंपाकघरात चमचा ठेवलेला कळायचा. गाणं लावलं की मात्र त्यांचा चेहरा आक्रसायचा. “कुणीतरी भांडी घासतंय असं वाटतं,” ते म्हणाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, कान शाबूत आहेत, मेंदूचा जो भाग सूर ओळखतो त्यालाच मार बसलाय. परत येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, येईलही, सांगता येत नाही.

ताईने त्यातलं ‘येईलही’ तेवढं धरून ठेवलं होतं. शिवाय तिला एक शंका होती. भावाचा कॉम्प्युटर जुना, त्यातलं कार्ड त्याहून जुनं. आवाजामागे कायम एक बारीक गुणगुण चालू असायची. कुणास ठाऊक, आवाजच गढूळ येत असेल. आजारी मेंदूने गढूळ आवाजातून सूर शोधायचा तरी कसा? हे बोलून दाखवलं असतं तर तिचं तिलाच हसू आलं असतं. म्हणून ती कुणाशी बोलली नव्हती.

दार भावजयीने उघडलं. पिशवी बघताच तिने ओळखलं.

“त्यांना त्रास होईल, ताई. मागच्या वेळी रेडिओ लागला तर दिवसभर जेवले नाहीत.”

“रेडिओचं वेगळं,” ताई म्हणाली. “हे फार चांगलं कार्ड आहे गं. एकदा लावून तरी बघू.”

भावजय बाजूला झाली. ती नको म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. ताईने कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं केलं, झाकण काढलं, जुनं कार्ड उपसलं. नवं कार्ड जड होतं, वरून धातूचं कवच असलेलं. ते तिने खाचेत दाबून बसवलं.

“काय काय येतंय यात?” मास्तरांनी विचारलं.

“गाण्यालाही आहे आणि गेमलाही. गेममध्ये आवाज चारी बाजूंनी येतो म्हणतात.”

“गेम,” मास्तर जरा हसले. गेमबद्दल त्यांना कधी प्रेम नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू झाला, कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम चढला. ताईने आधी स्वतः हेडफोन लावून पाहिले. मागची गुणगुण साफ गेली होती. इतकी शांतता की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. तिला आशा वाटली. तिने हेडफोन भावाच्या डोक्यावर चढवले आणि त्याचंच एक जुनं काम लावलं. एका नाटकासाठी केलेलं, फक्त बासरी आणि मागे संथ व्हायोलिन. ते ध्वनिमुद्रित झालं तेव्हा स्टुडिओतला चहावालासुद्धा दारात खिळून उभा राहिला होता.

मास्तर जिवाचा कान करून ऐकत होते. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, भावजय दारात. बासरी संपली, व्हायोलिन संपलं. मास्तरांनी हेडफोन काढले.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “मागे खरखर अजिबात नाही. वाजवणारा श्वास कुठे घेतो तेसुद्धा कळतंय. डावी-उजवी बाजू चोख.”

“आणि गाणं?”

मास्तरांनी वायर बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. “श्वासांच्या मधे काहीतरी लांबलचक वाजतंय. ते काय आहे ते कळत नाही, ताई.”

ताईने हातपाय गाळले नाहीत. तिच्याकडे यंत्र तपासायचा एक प्रोग्राम होता, नुसते सुटे स्वर वाजवणारा. तिने एकेक स्वर लावला. मास्तरांनी प्रत्येकाला बोट वर केलं. अगदी खर्जातला कळला, अगदी वरचा, ताईला स्वतःला धड ऐकू न येणारा, तोही कळला. तिला वाटलं, झालं, आता वाट सापडली. मग तिने दोन स्वर एकापाठोपाठ वाजवले. एक खालचा, एक बराच वरचा. लहान मुलालाही फरक कळावा असे.

“यातला वरचा कुठला?”

मास्तरांनी कान पुढे केला.

“पुन्हा लावते हं.”

“दुसरा,” ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, “नाही, पहिला का?”

बरोबर उत्तर काय, ते त्यांनी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचा सूर केसभर उतरलेला खपवून घेतला नाही, तो परीक्षेत नापास होऊ घातलेल्या मुलासारखा बहिणीचं तोंड बघत होता.

“वर म्हणजे काय, तेवढं सांग मला,” मास्तर म्हणाले. “तुला काय ऐकू येतं ते सांग. मग मी शोधतो.”

ताईने तोंड उघडलं. वर म्हणजे काय? “वर म्हणजे… बारीक होतो आवाज,” ती म्हणाली. “म्हणजे बारीक नाही, लहान नाही होत. चढतो.”

“कशावर चढतो?”

बिघाड कुठे आहे हे तिला नेहमी बोट ठेवून दाखवता यायचं. जळकं टोक, सुटलेला टाका, फुगलेला कपॅसिटर. इथे बोट ठेवायला जागाच नव्हती. ती नुसती हात खालून वर नेत राहिली, पुन्हा खालून वर, आणि मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले.

“पुरे, ताई,” भावजय म्हणाली.

काहीतरी करायचं म्हणून ताईने कार्डाबरोबर आलेला गेम सुरू केला. अंधारं ओसाड घर, त्यात फिरायचं आणि लपलेल्या शत्रूला हुडकायचं. ती स्वतः खेळणार होती, पण मास्तरांनी हेडफोन पुन्हा चढवले आणि माउस हातात घेतला. थोड्याच वेळात ते ताठ बसले.

“मागे कुणीतरी आहे,” ते म्हणाले. “डावीकडे. लाकडी जिना उतरतोय. एक पाय ओढतो आहे.”

त्यांनी वळून पाहिलं. पडद्यावर जिना होता आणि लंगडणारा माणूस. तो टिपला गेला. मग पुढची खोली, मग तळघर. कुठे पाण्याचा थेंब पडतोय, कुठल्या भिंतीपलीकडे श्वास चालू आहे, मास्तर आधी सांगायचे आणि नंतर ते पडद्यावर दिसायचं. दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला होता. “अरे वा,” ते म्हणाले, “काम केलंय बरं का यांनी.”

ताईला आनंद व्हायला हवा होता. ती भावजयीकडे वळली, तर दारात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला होता आणि बराच वेळ तसाच चालू राहिला.

तेवढ्यात वितरकाचा फोन आला. ताई गॅलरीत गेली.

“ताई, मास्तरांनी ऐकलं का? तीन स्टुडिओ थांबलेत त्यांच्या शब्दासाठी.”

“ऐकलं. गेमला एक नंबर म्हणाले.”

“गेमचं सोडा हो, ते पोरं घेतीलच. गाण्याला कसं आहे?”

चांगलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. तिने स्वतः ऐकलं होतं, कार्ड उत्तमच होतं. पण मास्तरांच्या नावावर ते वाक्य खपवायला तिची जीभ उचलेना.

“त्याला आता गाणं कळत नाही,” ती म्हणाली. बाहेरच्या माणसाला हे सांगायची तिची पहिलीच वेळ. “झटका आला तेव्हापासून. मी सगळं करून बघितलं.”

वितरक म्हणाला, “होईल हो बरं. मास्तर आहेत ते.” आणि लगेच, “कार्ड राहू दे त्यांच्याकडे. परत नका पाठवू.” घाईघाईने त्याने फोन ठेवला. मास्तरांचं मत विचारायला आता कुणाचाच फोन येणार नाही, हे ताईला तिथे कठड्याला टेकून उभी असताना कळलं. आणि हे आपल्याच बोलण्याने झालं. न सांगून किती दिवस निभावलं असतं, तेही तिला ठाऊक नव्हतं.

ती आत आली तेव्हा मास्तरांनी खेळ थांबवून ठेवला होता.

“कोण, वितरक?”

“हं.”

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

मास्तरांनी मान हलवली. रागावले नाहीत. “बरं केलंस. मला जमलं नसतं,” म्हणाले. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “यात मागे सारखं काहीतरी वाजत असतं बघ. त्यात पावलं हरवतात. ते बंद करता येतं का?”

ताईने एक हेडफोन कानाला लावला. मागे संगीत होतं. दबक्या आवाजातलं, चांगलं बांधलेलं, कुणीतरी मन लावून केलेलं. तिने सेटिंग उघडलं. आवाजांच्या पट्ट्या एकाखाली एक होत्या. पावलं, हत्यारं, वारा, संगीत. संगीताची पट्टी तिने माउसने धरली आणि शून्यावर ओढून आणली.

“आता?”

मास्तरांनी ऐकलं. “हां,” ते म्हणाले, “आता छान आहे.” आणि ते खेळायला लागले.

ताईने जुनं कार्ड पिशवीत टाकलं, पेचकस उचलला. भावजय चहा घेऊन आली होती. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खोलीत माउसची टिकटिक तेवढी चालू होती. चहा निवत होता, तरी कुणी कप तोंडाला लावला नाही.