हाताला थंड

"दिवे लावा, पंखा लावा आणि गप्प बसा," आत्या बॉनेटखालून म्हणाली.

व्हॅनवाल्या मामांनी दिवे लावले, पंखा लावला. गप्प बसणं काही त्यांना जमणारं नव्हतं. "गप्प कसा बसू? समोरचे दिवे मधेच विझतात. काल वळणावर दोन्ही गेले. मागे बारकी पोरं टाळ्या पिटतात, त्यांना वाटतं मी मुद्दाम करतोय."

"तुमचा भरवसा नाही, करालही."

मामा आमच्या शाळेची व्हॅन चालवतात. मी आता मोठ्या वर्गात, म्हणून सायकलवर. पण माझा धाकटा भाऊ अजून त्यांच्याच व्हॅनमध्ये मागच्या बाकावर कोंबलेला असतो. शाळा सुटली की मी सरळ आत्याच्या गॅरेजात येते. वर्गप्रतिनिधी झाल्यापासून माझा आवाज इतका वाढलाय की बाबा म्हणतात, हिला तिथेच ठेवा, तिथे निदान हॉर्नची सवय असते.

वायरिंगची कामं करणारे पुष्कळ आहेत, आत्यासारखी आत्याच. दोन वायरी जिथे एकमेकींना जोडतात त्या प्लॅस्टिकच्या डबीला कपलर म्हणतात, आणि गाडीचं निम्मं दुखणं तिथेच असतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पाणी शिरलं की आतल्या पिनांवर हिरवट थर चढतो, वीज अडते, अडली की कपलर तापतो, आणि तापतच राहिला तर एक दिवस पेटतो. आत्याकडे मीटर आहे, पण तो खणात झोपलेला असतो. ती गाडीतलं सगळं चालू करते आणि एकेक कपलर चिमटीत धरते, पोराचा ताप बघावा तसा. गरम लागला तो आजारी. "मीटर आकडा सांगतो, बोट खरं सांगतं," असं तिचं म्हणणं. सगळं तपासून ती "हाताला थंड" म्हणाली की माणसं पुढचं काही विचारत नाहीत, गाडी काढतात.

दिव्यांचा कपलर तिने उघडला. आतून हिरवागार. "हे बघा, शेवाळ. मासे सोडायचे तेवढे बाकी आहेत." मग ब्रशने पिना घासल्या, एक पार खाल्लेली होती ती कापून नवी दाबून बसवली, ग्रीस भरलं, डबी बंद केली. दिवे लख्ख लागले.

"नवरी दिसतेय," मामा म्हणाले.

"नवरीला आधी तपासू द्या."

आत्याची चिमटी एकेका कपलरवरून पुढे सरकत गेली. "थंड. हा थंड. आणि हा..." पंख्याचा जाडा कपलर धरून ती मामांकडे वळली, "हाही थंड. पोरं काय म्हणतात, परीक्षा कधी?"

मला वास आला. आधी वाटलं ग्रीसचा असेल. मग दिसलं, कपलरची कड मेणबत्तीसारखी ओघळत होती, आणि आत्याची दोन बोटं तिच्यावरच होती. ती हसत बोलत होती. बोटं हलत नव्हती. मी हात पुढे करून नुसता टेकवला, तर तो माझ्याआधीच मागे आला.

माझा आवाज माईकशिवाय अख्ख्या मैदानात पोचतो. तो तेव्हा जेमतेम आत्यापर्यंत पोचला.

"आत्या, हात काढ."

"का गं?"

"काढ आधी."

तिने हात काढला. बोटांबरोबर प्लॅस्टिकची बारीक तार लांबत आली. टोकांची कातडी पांढरी पडून फुगली होती. आत्या बोटांकडे बघत राहिली, जणू कुणीतरी ती तिच्याकडे दुरुस्तीला टाकून गेलं होतं.

"मामा, गाडी बंद करा."

मी तिचा हात नळाखाली धरला. "दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचंच उत्तर ऐकून थांबली. "शुगरच्या डॉक्टरांनी पायांचं सांगितलं होतं. चपलेत खडा गेला तरी कळायचं नाही, रोज बघत जा म्हणाले. हातांचं काही बोलले नाहीत."

"पण कधीपासून?"

"न कळणं कधी सुरू झालं, ते कसं कळणार गं मला?"

मामा खाली उतरले होते. ते पंख्याच्या कपलरकडे बघत होते. "मागच्या खेपेलाही तुम्ही थंड म्हणालात. मी निर्धास्त होतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि रिकाम्या बाकाकडे बघत उभे राहिले. मीही तिकडेच बघत होते.

आत्याने हात पुसला, खणातून मीटर काढून माझ्या हातात दिला आणि फोन घेतला.

"गाडी आहे तिथेच उभी करा. नाही, घरी पोचून मग नाही, आत्ता. मी तपासलेली गाडी आहे म्हणूनच सांगतेय. चूक माझी आहे." पुढच्याला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. कुणी हसलं, कुणी वैतागलं, एकाने बराच वेळ काहीबाही ऐकवलं. तिने आवाज एकदाही खाली आणला नाही. आपण कुणाकुणाची गाडी तपासली हे आठवत ती एकेक गाडी पुटपुटायची आणि नंबर लावायची.

पंखा सोडून व्हॅनमधलं बाकी सगळं पुन्हा चालू केलं होतं, आणि मीटर एका हातात तसाच ठेवून मी एकेक कपलर चिमटीत धरत होते. मधूनच ती मला विचारायची, "तो डावीकडचा?"

"गरम."

"आणि खालचा?"

"थंड."

"नीट धर. घाई करू नको." बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती.

शेवटी एकच राहिला, घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवणारा टेम्पोवाला. फोन वाजला, वाजून बंद झाला. आत्याने तो मोठ्या आवाजावर टाकून बॉनेटच्या कडेवर ठेवला.

"गाडी चालवत असेल," मामा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाले.

आत्याने फुगलेल्या बोटाने पुन्हा तोच नंबर दाबला. आम्ही तिघं फोनभोवती उभे होतो. तो वाजत होता.