पाटलाच्या माडीवरचं शेंडेनक्षत्र

मित्रांनो, मी एक जुना सागवानी कॅमेरा आहे, आणि मला कुणी "किती गोड!" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी गोडबीड नव्हतो. एका बाईची बाजू घेऊन मी अख्ख्या गावाशी भांडलो आहे.

कारंज्याच्या कापूसबाजारातला एक गोरा व्यापारी मायदेशी निघाला, तेव्हा त्याने मला आपल्या कारकुनाला, मारोतरावांना देऊन टाकलं. मारोतरावांनी मला बैलगाडीतून रिठदला आणलं. फोटो काढायचा म्हटलं की पागोटी बांधून गाव लोटायचं. माझे फार लाड झाले, खोटं कशाला बोलू?

मग १९१० चा माघ आला. मारोतरावांची नवी नवरी गोजराबाई घरात आली, आणि त्याच संध्याकाळी पश्चिमेला लखलखीत शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसलं. ते पाहिलं की पीडा लागते, म्हणून दिवेलागणीलाच घराघरांची दारं बंद होऊ लागली. बबनराव पाटलांनी मात्र आपल्या ओट्यावरून ते पाहिलं. थेट मारोतरावांच्या घरावर!

"पोरीचा पायगुण वाईट हाये," पाटील म्हणाले. "येत्या बाजाराच्या दिवशी तिले माहेरी पोचवून द्या."

सासू सोजरबाई रडत रडत सुनेचं गाठोडं बांधू लागली. मारोतराव खाली मान घालून बसले. मला त्यांचा भयंकर राग आला.

गोजराबाई रडली नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला विचारलं, "याच्यात तो तारा उतरते का?"

"उतरते. पन त्याच्याकडे पाहाचं नसते ना!"

"मी पायीन. तुमी फक्त फोटोची काच भरून द्या."

दुसऱ्या संध्याकाळी मला काखोटीला मारून ती पाटलांच्या घरामागच्या खळ्यात गेली. तिथून पश्चिमेला पाहिलं, तर गावातली एकुलती एक माडी समोर होती, आणि शेंडेनक्षत्र बरोबर तिच्या डोक्यावर. वारा सुटला होता. तिने पदराचा आडोसा केला, माझ्या भिंगावरचं झाकण काढलं आणि शंभर आकडे मोजले. मी जराही हललो नाही.

मारोतरावांनी रात्री औषधाच्या पाण्यात ती काच धुतली. सकाळच्या उन्हात कागदावर चित्र उमटलं. डोक्यावर पदर घेऊन गोजराबाई भरल्या पारावर गेली आणि तिने ते पाटलांपुढे ठेवलं.

"हे माडी कोनाची हाये, पाटील?"

"आमची."

"मंग तुमी तुमच्या कोन्त्या सुनेले माहेरी पोचवून राह्यले?"

पाटलांनी चित्र पालथं घातलं. पारावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. घरी सोजरबाईने स्वतःच्या हाताने गाठोडं सोडलं.

पुढे नवे कॅमेरे आले. मी फळीवर धूळ खात पडलो, चामड्याचा भाता फाटला, तिपाईचा एक पाय वाळवीने खाल्ला. त्याचं मला दुःख आहे, पण मी रडगाणं गाणार नाही. मित्रांनो, मला शोभेला मांडू नका. भाता शिवा, पाय बसवा आणि मला कामाला लावा. आजही कुणी एखाद्या लेकीचा पायगुण काढत असेल, तर मला उचला आणि त्याच्या घरामागे नेऊन उभा करा. तिथून आभाळ कसं दिसतं, ते मी त्याला दाखवतो.