रुंद चाकं

मी एक पिकअप बोलतेय. डिझेलवर चालते. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. रंग एके काळी पांढरा होता. आता कुठला आहे, ते बघणाऱ्याने ठरवावं. चढाला खोकते, पण सकाळी किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते. या वयात एवढं पुष्कळ झालं.

कारखान्यातलं मला धड काही आठवत नाही. आठवतं ते शोरूमचं आवार. आम्ही सगळ्याजणी एकसारख्या रांगेत उभ्या होतो. एक माणूस आला, माझ्या टायरला पायाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हीच." का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो माझा मालक. त्याची रोपवाटिका आहे. तेव्हापासून माझ्या हौद्यात मातीची पोती असतात, कुंड्या असतात आणि वाऱ्यावर माना डोलवत निघालेली रोपं असतात.

मालकाला नाद एकच, माझ्या ॲव्हरेजचा. टाकी गळ्यापर्यंत भरायची, पुढच्या वेळी भरताना मीटरवर किलोमीटर बघायचे, मनातल्या मनात भागाकार करायचा आणि समोर येईल त्याला आकडा सांगायचा. लोक मुलांचे मार्क सांगतात, हा माझं ॲव्हरेज सांगायचा. मी लाजायचे, पण ऐकायला आवडायचं.

मग त्याचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, तो हिंडूफिरू लागला, पण क्लच दाबायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. आता मी विकली जाणार, असं सगळे धरूनच चालले होते. तेव्हा मालकीण म्हणाली, "मी शिकते."

बाई पन्नाशी उलटलेली. तिच्या धाकट्या भावाला हसू आवरेना. "अगं ताई, ही काय स्कूटर आहे का?"

"नाही ना? म्हणूनच शिकायची," ती म्हणाली.

पहिले काही दिवस मी काय सोसलं ते माझं मला माहीत. माझे गिअर रडले, फाटकाचा खांब वाकला, एक गुलाब तर मुळासकट गेला. पण ती चुकली की डॅशबोर्डवर हात फिरवून म्हणायची, "चुकलं गं बाई, परत करू." इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढे ती अशी तयार झाली, की रोपं घेऊन पार गावाबाहेरच्या शाळेपर्यंत एकटी जायची आणि येताना गुणगुणत यायची.

अशात रस्त्याच्या खोदकामात आदळून माझ्या दोन रिमा वाकल्या. उरलेल्या दोन गंजलेल्याच होत्या. चारही चाकं बदलायची ठरली. मालकीण पिशव्यांत रोपं भरत होती, तिला कोण विचारतंय! तिच्या त्याच भावाने, म्हणजे मालकाच्या मेहुण्याने, मला चालवत दुकानात नेलं, शेजारी मालक. दुकानदाराने दोन प्रकार पुढे मांडले. एक, मला पहिल्यापासून होती तशीच, त्याच मापाची, साधी काळी. दुसरी रुंद, चकचकीत, वर उंच टायर.

"भाऊजी, जरा रुबाब पाहिजे गाडीला," मेहुणा म्हणाला.

मालकाने दोन्ही हाताळून पाहिली. मग म्हणाला, "आता ती चालवते. तिची गाडी चारचौघांत उठून दिसायला हवी." मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणून तर मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही.

मालकिणीने चाकं पाहिली, एकेकावरून हात फिरवला. "कशाला एवढं?" म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी फाटकातून वळवताना तिचे हात थांबले. माझं स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, सगळं हातांच्या जोरावर. त्यात एवढी रुंद चाकं रस्त्याला घट्ट धरून बसलेली. तिने दात-ओठ खाऊन वळवलं. रोज वळवत राहिली. संध्याकाळी खांद्याला मलम चोळायची आणि विचारलं की म्हणायची, "कुंड्या उचलल्या ना आज."

डिझेलची तर मी नुसती उधळपट्टी मांडली. जड चाकं फिरवायची म्हणजे जोर जास्त, जोर जास्त म्हणजे डिझेल जास्त. वर आणखी एक गंमत. उंच चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर बिचारा फेरेच मोजतो. म्हणजे मी धावायचे जास्त आणि मीटर दाखवायचा कमी. आधीच पडलेलं ॲव्हरेज त्याने आणखी पाडलं.

मालकाचा चेहरा उतरला. "अगं, ही एवढं डिझेल कशी काय पितेय?"

त्या वेळी तो फडकं घेऊन तीच चाकं पुसत होता. तिने फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मीच हल्ली दामटते हो. उशीर होतो ना."

साफ खोटं. मला हॉर्न आपणहून वाजवता आला असता, तर तेव्हा वाजवला असता.

झालं. मालकाने मनाशी ठरवलं, हिला आता झेपत नाही, घाईघाईत चालवते, एक दिवस कुठेतरी धडकेल. मेहुण्याला म्हणाला, "एखादा ड्रायव्हर बघ. खूप केलं तिने." नळाशी उभ्या असलेल्या तिला ते ऐकू गेलं. ती एवढंच म्हणाली, "बरं." त्या दिवशी शाळेहून परतताना तिने मला कडेला उभी केली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मला फार वाईट वाटलं.

ड्रायव्हर यायचा त्याच्या आदल्या दिवशी मालक माझी चाकं पुसायला बसला. पुढचं चाक आतून पुसायचं म्हणून त्याने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग फिरवलं. हलेना. मग दार उघडून सीटवर बसला आणि दोन्ही हातांनी ओढलं. वर्षानुवर्षं त्याच हातांनी मला वळवलेलं. एरवी किती जोर लागतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. खांदा चोळत तो तसाच बसून राहिला. मग ओल्या फडक्यानिशीच तिच्याकडे गेला.

"खांदा कशाने दुखतो गं तुझा?"

"कुंड्या..."

"कुंड्या तू लग्न झाल्यापासून उचलतेस."

ती हळूच म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं आणली होती. कसं सांगणार?"

"मी तरी कुठं विचारलं तुला," तो म्हणाला.

त्याच दुपारी तिघं दुकानात गेलो. तो, ती आणि मी. दुकानदार सवयीने मालकाशी बोलू लागला. मालकाने त्याला थांबवलं, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "हिला विचारा."

ती खुर्चीवर टेकली. मग काळ्या चाकांकडे बोट दाखवून म्हणाली, "ती. साधी, हलकी." आणि मालकाकडे वळून, "आणि ड्रायव्हर नको. मला आवडतं हो गाडी चालवायला. घरात दिवसभर सगळे मला हाका मारतात. हिच्यात बसले की कुणी मारत नाही."

मालकाने नुसती मान हलवली.

आता माझी चाकं साधी आहेत. ॲव्हरेज वयाच्या मानाने चांगलं आहे. मालक परत लोकांना अडवून सांगतो. एक दिवस मी बंद पडेन, हौदा गंजेल, मला भंगारात काढाल. काढा, माझी तक्रार नाही. पण तोवर माझी किल्ली तिच्याकडेच असू द्या.